डाव्या तळपायात काय वाटतं

मी ज्यांचं देणं लागतो, त्यांत सगळ्यांत आधी माझी थोरली बहीण, आमची आक्का.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. अकरावीच्या प्रवेशासाठी श्रीरामपूरला यायला वडील बिचकले, तेव्हा आक्का आली. खिडकीतल्या कारकुनाने "पालक कोण?" असं विचारलं आणि ती माझ्या पुढे होऊन म्हणाली, "मीच." तिचं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंतचं. लग्न करून ती शिर्डीला गेली, आणि तिथे घरी बसून हार ओवून दुकानांना द्यायला लागली. त्या हारांवर मी बी.ए. झालो, बी.एड. झालो. आज मी श्रीरामपुरातच एका शाळेत मराठी शिकवतो.

हार ओवणं म्हणजे दिवसभर जमिनीवर मांडी घालून पुढे वाकून बसणं. समोर फुलांची रास, हातात लांब सुई. गुरुवारी दर्शनाला गर्दी होते, म्हणून बुधवारी तर पाठ सरळ करायलाही फुरसत नसते. आक्काची कंबर वर्षानुवर्षं दुखायची. कंबरेतून निघालेली कळ डाव्या मांडीच्या मागून पार पोटरीपर्यंत उतरायची. गोळ्या झाल्या, कमरेचा पट्टा झाला, शेक झाला. "आता ती माझ्यासंगच जानार," असं ती कळीबद्दल म्हणायची, जणू घरात ठेवून घेतलेली कुणी नातेवाईकच.

मला स्वतःला मानेचा त्रास आहे. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला मोबाईलवरचं एक ॲप सुचवलं होतं. त्यात एक शांत आवाज शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष न्यायला सांगतो. तिथे जे वाटतं ते फक्त बघायचं, चांगलं-वाईट म्हणायचं नाही. माझी मान दुखायची थांबली नाही, पण दुखेल या धास्तीने मी दिवसभर खांदे आवळून धरायचो, ते सुटले. रात्रीची झोप लागायला लागली. त्यात मराठीही आवाज होता, म्हणून दिवाळीत मी तेच आक्काच्या मोबाईलमध्ये घालून दिलं. "रोज लाव, शांत बसून ऐक," एवढंच सांगितलं आणि बस पकडली.

काही आठवड्यांनी एका रविवारी मी न कळवता तिच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि चप्पल काढता काढता तसाच थांबलो.

देवापुढे पाट मांडलेला. पाटावर तांदळाची लहानशी रास, तिच्यावर टेकवून उभा केलेला मोबाईल. मोबाईलला झेंडूचं फूल वाहिलेलं, शेजारी उदबत्ती. समोर आक्का डोक्यावर पदर घेऊन ताठ बसलेली, आणि तिच्यामागे गल्लीतल्या चार-पाच बाया डोळे मिटून. त्यांत शेजारच्या भाभीही होत्या, ओढणी नीट सावरून. मोबाईलमधून एका बाईचा पुण्याकडचा स्वच्छ आवाज येत होता : "आता आपलं लक्ष उजव्या गुडघ्याकडे न्या."

भाभींनी एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

आवाज थांबल्यावर सगळ्या बायांनी मोबाईलला हात जोडले. मी आक्काला विचारलं, "हे काय चाललंय?"

"पारायन," आक्का म्हणाली. "शेवटच्या भागाला शिरा करनार हाय. येशील का?"

"अगं, हे पारायण नाही. हा दुखण्यावरचा व्यायाम आहे."

"अहो मास्तर," भाभी म्हणाल्या, "लावून दिलं तुमीच, आन् आता तुमीच नाय म्हनता? आमच्या सासूबाई रोज विचारतात, आज बाई काय बोलल्या म्हनून."

सगळ्या हसल्या, मीही हसलो. बाया आपापल्या घरी गेल्या. मग आक्का उठायला लागली आणि माझं हसू तिथेच थांबलं. आधी तिने भिंतीला हात लावला, मग पाटाला, मग माझ्या खांद्याला. उभी राहिली तरी काही वेळ तिला पाऊल टाकता येईना.

"एवढं आखडेपर्यंत बसतेस कशाला?"

"मधी उठलं तर खंड पडतो."

"आवाज सांगतो ना, अवघडलं तर हला म्हणून?"

"सांगत्यात की. पन ते पाव्हन्याला 'अजून घ्या, अजून घ्या' म्हनत्यात तसं. लगेच घ्यायचं असतंय व्हय?"

फळीवर तिच्या गोळ्यांची पाकिटं होती. मी उचलून पाहिली. भरलेली होती.

"या घेत नाहीस?"

"बंद केल्या. बाई म्हनत्यात, दुखन्याशी भांडू नका. गोळी म्हंजी भांडनच की."

मी काही बोलायच्या आत ती जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "एक इचारू का मास्तर? तू शिकलेला हायस. बाई म्हनत्यात, डाव्या तळपायात काय वाटतं ते बघा. मी रोज जाते. उजव्यात फरशी गार लागती. डाव्यात जाते, तर तिथं कायच न्हाई. कुलूप लावलेल्या घरावानी. माझंच ध्यान कमी पडतंय. म्हनून समदं संपल्यावर आनि थोडी बसते. पन न्हाईच येत."

मला त्या शब्दांचा अर्थ लगेच लागला नाही. ध्यान जमत नाही असं ती सांगते आहे, असंच मला वाटलं. "येईल हळूहळू," मी म्हणालो.

ती चहा ठेवायला आत निघाली. खोलीभर गुलाबाच्या पाकळ्या पडलेल्या होत्या. तिच्या डाव्या टाचेजवळ एक पाकळी चिकटलेली दिसली. पुढच्या पावलाला फरशीवर तीच पाकळी उमटली. त्याच्या पुढच्याही पावलाला.

"आक्का, थांब!"

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि पाय उचलून पाहिला. पाकळी नव्हती, रक्त होतं. हार ओवायच्या सुईचा मोडलेला तुकडा तळपायात घुसला होता, तिरका, चांगला खोल.

"कधी टोचली ही?"

"टोचली? कुठं?"

मी सुई ओढून काढली. ती पायाकडे बघतही नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. "तुला काय झालं रं? असा पांढरा का पडलास?"

दुसऱ्या दिवशी मी तिला नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला भिंतीला धरून चवड्यांवर उभं राहायला सांगितलं. उजवी टाच उचलली गेली. डावी जमिनीलाच राहिली.

"डावी उचला," डॉक्टर म्हणाले.

"उचलली की," आक्का म्हणाली.

मी खाली बघत होतो. टाच तसूभरही हलली नव्हती. ती थट्टा करत नव्हती. आपण टाच उचलली आहे असं तिला मनापासून वाटत होतं.

मणक्याची गादी सरकून नस दाबली गेली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका, नाहीतर पायातली शक्ती कायमची जाईल. आत्ता केलं तरी तळपायाला पुन्हा कळायला लागेलच असं सांगता येत नाही.

"बधिरपणा कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"काय ठावं. बाई इचारायला लागल्या, तवा कळलं."

"कोण बाई?"

मी त्यांना ॲपचं सगळं सांगितलं, पाटासकट. ते हसले नाहीत. म्हणाले, "दुखलं की माणूस येतो. बधिर पडलेलं कुणी दाखवायला आणत नाही. त्यांनी ते रोज पाहिलं, म्हणून आपण आज इथे आहोत." मग आक्काकडे वळून, शब्द सावकाश उच्चारून म्हणाले, "ऐकणं चालू ठेवा. पण गोळ्या घेऊन, आडवं पडून. आणि काही वेगळं वाटलं तर मला सांगायचं, बाईंना नाही."

ऑपरेशन झालं. पोटरीपर्यंतची कळ पुष्कळ कमी झाली. कंबर मात्र थोडीफार दुखत राहणार आहे, हे आम्हाला स्पष्ट सांगण्यात आलं. आता आक्का गादीवर पडून, गुडघ्यांखाली उशी घेऊन ऐकते. त्याने कंबरेची कटकट कमी होत नाही, पण तिच्यावरची चिडचिड जाते, असं ती म्हणते. पाट पुन्हा देवाच्या कामाला लागला आहे.

फोन केला की ती "बरी हाय" एवढंच बोलते. म्हणून मी तिला पत्र टाकलं, होस्टेलवर असताना टाकायचो तसं :

प्रिय आक्का,

तुझ्या पाया पडतो. ज्या पायाला ते कळणार नाही, त्याच्याही.

शाळेत फळ्यापुढे उभा असताना हल्ली माझं लक्ष आपोआप माझ्या डाव्या तळपायाकडे जातं. बुटाच्या आत तो असतो. मग मला पुन्हा तसाच धक्का बसतो. नसल्यासारख्या पायावर तू चालत होतीस, फुलांच्या पाट्या उचलत होतीस, आणि बोल लावत होतीस स्वतःच्या ध्यानाला. तुझं ध्यान कमी पडलं नव्हतं, आक्का. तू नीट जाऊन आलीस आणि तिथे काही नाही हे खरं तेच सांगितलंस. कळलं नाही ते ऐकणाऱ्याला.

उंच टेबल आणि खुर्ची पाठवतो आहे. आता हार त्यावरच ओवायचे. भाभी हसतील, हसू दे. सकाळची गोळी जेवल्यावर. ऐकताना मधे उठावंसं वाटलं तर ऊठ. हा पाहुण्याला केलेला आग्रह नाही, खरंच ऊठ.

भाभी परवा फोनवर म्हणाल्या की तुझ्या करंगळीच्या बाजूला मुंग्या आल्या. तू मला बोलली नाहीस. खरं आहे का? रोज येतात का? फरशी गार लागते का तिथे?

मला "बरी हाय" नको. तुझ्या हाताने लिही. तिथे जे असेल ते लिही. काहीच नसेल, तर काहीच नाही असं लिही.

तुझा,
मास्तर