घड्याळ वाजू द्यायचं नाही

माझी बायको बस चालवते. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोकांना मागाहून कळलं की ते डोळे मोठे करून माझ्याकडे बघतात, आणि ते मला अजिबात खपत नाही. मी शिंपी. खिडकीपाशी मशीन टाकून दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करतो. लग्न झालं तेव्हा ही बसमध्ये तिकिटं फाडायची. मग तिच्या मनात आलं की मागे उभं राहून धक्के खाण्यापेक्षा पुढे बसून गाडी हाकावी. शिकली, परीक्षा दिली, पहिल्या झटक्यात पास. आता म्हातारी माणसं आधीची बस सोडून हिच्या बससाठी थांबतात म्हणे, कारण हिने ब्रेक लावलेला कळतसुद्धा नाही. हे मला कोण सांगतं? माझी गिऱ्हाइकं. मी त्यांच्या कमरेला टेप लावलेली असते, माझ्या तोंडात टाचण्या असतात, आणि ते मला माझ्याच बायकोचं कौतुक ऐकवतात.

तर झालं काय, की गाडी डेपोतून काढायच्या आधी मागचं झाकण उचलून पाणी-तेल बघावं लागतं. तिच्या गाडीच्या झाकणाला टेकू द्यायचा गज झिजलेला. सगळ्यांना ठाऊक. पण तक्रार केली की गाडी दिवसभर दुरुस्तीला उभी राहते आणि फेरी बुडते, म्हणून सगळे ड्रायव्हर गजाबरोबर एक खांदाही लावतात आणि वाकून काम उरकतात. तिनेही तेच केलं. कुणीतरी हाक मारली, तिने खांदा काढून वळून बघितलं, आणि झाकण धाडकन डोक्यात.

रक्त आलं नाही, तपासणीच्या फोटोत काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय, कन्कशन. उजेड सहन होईना, गाड्यांचा आवाज आला की मळमळायचं, बोलता बोलता शब्द हरवायचा. एकदा तर ती स्टिअरिंगला ‘ते गोल’ म्हणाली. डेपोच्या साहेबांनी निरोप धाडला, आमच्या डॉक्टरांनी पास केलं तरच पुन्हा गाडी, नाहीतर बसचे पास देण्याच्या खिडकीवर बसवू. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “खिडकीवर बसले तर मी मरेन.” मला विचाराल तर खिडकी काय वाईट? संध्याकाळी वेळेवर घरी तरी येईल माणूस.

मी कंबर कसली. कोटाच्या अस्तराचं काळं कापड दुहेरी करून पडदा शिवला, असा की भर दुपारी खोलीत हात दिसेना. मशीन बाहेर हलवलं. डेपोतली माणसं आली, त्यांना दारातूनच सांगितलं, झोपलीये. मेहुणी आली, तिलाही तेच. ती जागीच असायची, पण म्हटलं, कशाला गर्दी? इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती दिवसाढवळ्या घरात होती आणि “अहो, जरा पाणी देता?” हे फक्त मला म्हणत होती. कुणी काही म्हणो, मला ते दिवस आवडले.

पण डॉक्टरांनी व्यायामासाठी जिच्याकडे पाठवलं, त्या फिजिओला ते बघवले नाहीत. माझ्या कात्रीपेक्षाही वयाने लहान पोरगी, मला म्हणते, “काका, एक-दोन दिवस विश्रांती ठीक होती. आता असं अंधारात ठेवलंत तर बरं व्हायला उलट उशीर होईल.” तिने बायकोला त्या सरकत्या पट्ट्यावर चालवलं, हळूहळू चढ वाढवला, डोकं दुखायला लागलं तिथे नाडी बघितली, आणि त्या आकड्याच्या थोडी खालची मर्यादा नाडी मोजणाऱ्या एका घड्याळात भरून ते हिच्या मनगटावर बांधलं. रोज झपझप चालायचं. धाप लागावी, पण बोलता आलं पाहिजे. घड्याळ वाजलं की वेग कमी करायचा. डोकं थोडं जड झालं तर घाबरायचं नाही, जास्तच दुखलं तर थांबायचं. आणि इतक्यात एकटीने जायचं नाही.

“मी आहे ना,” मी म्हटलं.

मी होतो, पण माझा गुडघा नव्हता. कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर मी दोनदा टेकलो. बायको म्हणाली, “अहो, या वेगाने माझी नाडी झोपी जाईल.”

तेवढ्यात समोरून पोस्टमन आला. आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. सडाफटिंग माणूस. नोकरीतून निवृत्त झाला, पण त्याचे पाय काही निवृत्त झालेले नाहीत. “मी रोज सकाळी चालतोच की, वहिनी. चला माझ्याबरोबर.” ही निघालीसुद्धा!

त्यानंतर रोज सकाळी मी खिडकीतून दोघांच्या पाठी बघायचो. परत यायची तेव्हा गाल लाल, कपाळावर घाम, आणि तोंडाने अखंड बडबड. आज टेकडीच्या अर्ध्यापर्यंत गेलो, घड्याळ वाजलं नाही. आज पूर्ण चढलो, तरी वाजलं नाही. माझ्या खोलीत हरवलेले शब्द हिला त्याच्याबरोबर बरे सापडत होते! काळा पडदा तिनेच एका बाजूला सारला. पोस्टमनाने मला पँट दुरुस्तीला दिली, ती मी मांड्यांत चांगली आवळली. पठ्ठ्या तशीच घालून टेकडी चढला.

मग एके दिवशी जिन्यात त्याचा आवाज ऐकला, “उद्या भेटू, ड्रायव्हरसाहेब!” आणि ही खळखळून हसली. वहिनीची ड्रायव्हरसाहेब कधी झाली? माझं डोकंच फिरलं. ती आत आली तशी मी सुरू झालो. म्हटलं, चालायला जातेस की हसायला? म्हटलं, मी इथे जेवणाची ताटं नेऊन द्यायची आणि मजा वरच्या मजल्याने मारायची? म्हटलं, एवढंच असेल तर राहा की वरच! आणखीही बरंच बोललो.

मध्येच पिप-पिप वाजायला लागलं. तिच्या मनगटावरचं घड्याळ.

ती खुर्चीत बसली, दोन्ही हातांनी डोकं धरून. “अहो, अख्खी टेकडी चढले तेव्हा हे वाजलं नाही,” ती म्हणाली. “पडदा लावा.”

मी पडदा लावला. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. डेपोची तपासणी तोंडावर आलेली. मी विचारलं, पाणी देऊ? ती म्हणाली, नको. मला हवी होती तशी ती दिवसभर घरात होती, अंधारात, माझ्या एकट्याची. आणि माझ्याशी बोलत नव्हती.

संध्याकाळी मी गुडघा धरून वरचा मजला चढलो. पोस्टमनाने दार उघडलं. अंगात तीच आवळलेली पँट.

“उद्या सकाळी या तिला न्यायला,” मी म्हटलं. त्या वेळी मला त्याचं तोंडसुद्धा बघवत नव्हतं. “हळू न्या. आणि ती पँट काढून द्या, सैल करतो.”

“राहू द्या हो मास्तर, सवय झाली.”

“द्या म्हणतोय ना! आणि वहिनी म्हणायचं.”

ती पुन्हा चालायला लागली, आणि तपासणीत पास झाली. घरी येऊन तिने घड्याळ सोडलं आणि माझ्या मनगटावर बांधलं. म्हणाली, “आता मी पहाटेच्या पाळीला. तुम्ही जा पोस्टमनबरोबर, गुडघा मोकळा होईल. हळू चाला, मर्यादा माझीच भरलेली आहे त्यात.”

म्हणून तिच्या पहिल्या दिवशी मी आणि पोस्टमन चालत थांब्यापर्यंत गेलो आणि रांगेच्या बाजूला उभे राहिलो. बराच वेळ उभे होतो, माझी धाप केव्हाच ओसरली होती. बस आली. कळलंसुद्धा नाही अशी थांबली. एक म्हातारी चढता चढता म्हणाली, “आलीस गं बाई! किती वाट बघायची तुझी?” आणि ही हसली, त्या म्हातारीकडे बघून, मागच्या सगळ्या रांगेकडे बघून. मीही हात वर केला होता. तोवर तिने आरशात बघितलं, दार लावलं आणि सगळ्यांना घेऊन निघून गेली.

माझ्या मनगटावर पिप-पिप सुरू झालं.

“मास्तर,” पोस्टमन म्हणाला, “आपण तर नुसते उभे आहोत.”

“माहितीये मला,” मी म्हटलं.