हळदीकुंकवाची सुई

शेंद्र्यात कडूबाईचं पोळीकेंद्र कुणालाबी विचारा, दाखवतील. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून आईनं हिचं नाव कडू ठेवलं, आन् पोरगी निघाली तिखट. एमआयडीसी आली, शेतं गेली, गावातले गडी कंपन्यांच्या गेटवर वॉचमन झाले. कडूबाईनं मात्र कँटीनला पोळ्या पुरवायचं काम धरलं. घराखाली पत्र्याचं शेड, गॅसची भट्टी, लाटायला गावातल्याच बाया. नवऱ्याला तिनं टेम्पोवर बसवलं. हुकूम चालायचा तो तिचाच.

भट्टीवर साळूबाई असायची. कडूबाईची चुलत जाऊ, वयानं मोठी. तिचा नवरा बन्सी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घाटीच्या सरकारी दवाखान्यात गेला, तो परत आलाच नाय. शेवटचं तोंडबी बघायला मिळालं नाय. तेरावं झाल्यावर कडूबाई स्वतः तिच्या दारात गेली. "बाई, घरात भिंतीकडं बघत बसण्यापरीस भट्टीवर या," म्हणली. हे काम तिनं चांगलं केलं, तेबी सांगितलं पाहिजे.

मग सरकारी हुकूम निघाला. लस न घेतलेला माणूस कामावर सापडला की मालकाला दंड आन् शटरला सील. कँटीनवाल्याचाबी फोन आला, "कडूबाई, सगळ्या बायांची सुई झाली पाहिजे, नायतर पोळ्या दुसरीकडून घेतो."

बाया कुठल्या ऐकतात? शेडात कुणीतरी उठवलं होतं, सुई घेतली की हातातली ताकद जाती, लाटणं धरता येत नाय.

"मंग काय पायानं लाटायच्या का पोळ्या?" रत्नमाला म्हणली. जिभेनं सगळ्यांत मोकळी तीच.

"पायाच्या पोळ्या तुझ्या नवऱ्याला घाल," कडूबाई म्हणली. "सुई घ्यावीच लागंल."

तयार होती ती एकटी साळूबाई. "मी येते ना सेंटरवर जाऊन. ह्यांनी येळेवर घेतली असती तर..." पुढं ती बोलायची नाय. पण कडूबाईनंच तिला थांबवलं. "खाडा करू नका, बाई. मी नर्सबाईलाच घरी आणते. सगळ्यांच्या संगं घ्या."

साळूबाई थांबली.

कडूबाईनं डोकं लढवलं. संक्रांतीचे दिवस होते. सुईला बोलावलं तर एक बाई यायची नाय, पण हळदीकुंकवाला न बोलावताबी येतील. तिनं वरच्या मजल्यावर हळदीकुंकू ठेवलं, वाणाला स्टीलचे डबे आणले, आन् आतल्या खोलीत करुणा नर्सबाईला लसीचं खोकं घेऊन बसवलं. बाया ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. दारात कडूबाई आडवी उभी.

"आधी सुई, मग कुंकू. जिनं सुईला दंड पुढं केला तिलाच वाण."

"आग माय! हिनं तर फसवलं आपल्याला!"

"नको असंल तर उतर खाली. डबा दुसरीला देते."

एवढी नटूनथटून आलेली बाई रिकाम्या हातानं खाली कशी उतरंल? शिव्या देत, हसत एकेक आत गेली. रत्नमालानं डोळे गच्च मिटले, देवाचं नाव घेतलं, आन् मग एक डोळा उघडून म्हणली, "झालीबी? याच्यापेक्षा मुंगळा जोरात चावतो की." वरचा मजला हसून दणाणला.

खाली भट्टीवर साळूबाई एकटी. संध्याकाळच्या पाळीच्या पोळ्या जायच्या होत्या. कडूबाई तिला सांगून गेली होती, "बाई, तुम्ही तेवढं भट्टीकडं बघा." विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, हे दोघींनाबी ठाऊक. त्यात बोलण्यासारखं काही आहे, असं कुणालाच वाटलं नाय. पण हळदीकुंकू आन् सुई एकाच मजल्यावर ठेवली, की साळूबाई दोन्हीतून बाहेर राहती, हे कडूबाईच्या डोक्यात आलं नाय. नर्सबाईनं निघताना विचारलंसुद्धा, "अजून कुणी राहिलंय?" कडूबाईचे हात कुंकवानं भरलेले, भोवती बायांचा गलका. "नाय, झाल्या सगळ्या," ती म्हणली.

रात्री आठवलं तेव्हा जीभ चावली. उद्या पाठवू सेंटरवर, म्हणली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तपासणीचं सरकारी पथक आलं. साहेब एकेकीची लस तपासत साळूबाईपाशी थांबला. "यांची?"

कडूबाईच्या डोळ्यांपुढं शटरवरचं सील उभं राहिलं. तोंडातून निघून गेलं, "सांगून सांगून थकले, साहेब. ऐकतच नाय ही बाई. आजपासून कामावरून काढली."

साहेब साळूबाईकडं वळला. "मावशी, तुमच्यासारख्यांमुळंच माणसं मरतात. घरातलं कुणी गेल्याबिगर अक्कल येत नाही का?"

साळूबाईनं साहेबाकडं पाहिलंच नाय. तिनं कडूबाईकडं पाहिलं. कडूबाई तव्याकडं बघत राहिली. मग साळूबाईनं बादलीत हात धुतले, चपला घातल्या आन् गेली. बायांना सगळं माहीत होतं. पण सील लागलं तर काम त्यांचंबी जात होतं. रत्नमालाची जीभसुद्धा त्या दिवशी उचलली नाय.

संध्याकाळी कडूबाई तिच्या घरी गेली. साळूबाई मेथी निवडत होती.

"सुई घेतली मी," तीच आधी बोलली. "तिथून निघाले ती सरळ सेंटरवर गेले. नर्स म्हणली, इतके दिवस काऊन थांबल्या? मी म्हणले, भ्या वाटत व्हतं. तुझं नाव नाय घेतलं."

तिनं थोबाडीत मारली असती तर कडूबाईला सोपं गेलं असतं.

"चुकले मी, बाई. कामावर या."

"येईन की. खाणार काय नायतर? पण तू मला ज्याच्यापुढं तसं म्हणलीस, त्याच्यापुढं जाऊन शब्द माघारी घे. माझ्यामुळं माणसं मरतात म्हणला तो. म्हंजी ह्यांना मीच मारलं का?"

कडूबाई दुसऱ्या दिवशी साहेबाच्या हापिसात गेली. दंड बसंल, सील लागंल, सगळं धरून गेली. खुर्चीचा काठ धरून उभ्या उभ्याच सांगितलं, की त्या बाईला मीच थांबवलं, मीच विसरले आन् वरून खोटंबी मीच बोलले.

साहेब चहा पीत होता. "कोणती बाई?"

"भट्टीवरची. तुम्ही बोललात तिला."

"अहो, दिवसभर हेच चाललंय आमचं. कुणाला काय बोललो, कुठं ध्यानात राहतं? लस झाली ना त्यांची? मग मिटलं. या."

दंड केला असता तर बरं, असं तिला बाहेर आल्यावर वाटलं.

तशीच ती साळूबाईच्या घरी गेली, तर साळूबाई दारातच उभी होती. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणला?"

कडूबाईनं पदर सारखा केला. "लई वाईट वाटलं त्याला. म्हणला, बाईंना सांगा, माझं चुकलं."

साळूबाईनं पदरानं नाक पुसलं. "मंग माणूस वाईट नव्हता," म्हणली.

दुसऱ्या दिवशी ती भट्टीवर हजर. तेव्हापासून ती हे सगळ्यांना सांगती. साहेब म्हणला, माझं चुकलं. आता आता तर तिच्या सांगण्यात साहेब खुर्चीवरून उठूनबी उभा राहतो, अख्ख्या हापिसापुढं. मधीच एखादी नवी बाई लाटता लाटता विचारती, "व्हय का वं कडूबाई? उठला व्हता?"

"व्हय," कडूबाई म्हणती, आन् वर बघत नाय.