उतारावर भरणारा ट्रक

सकाळचे पावणेसात. एका शेगडीवर चहा, दुसरीवर डब्याची भाजी, आणि आमचे हे एक मोजा हातात घेऊन दुसरा शोधत घरभर फिरत होते. तेवढ्यात दारावर टकटक झाली. अगदी हलकी, दोन बोटांची. पेपरवाला असेल म्हणून मी ओल्या हातानेच दार उघडलं, तर समोर वरच्या मजल्यावरचे भोंगा.

हे नाव मी ठेवलेलं नाही. सगळी इमारत त्यांना भोंगाच म्हणते आणि तेही त्या नावाला ओ देतात. ते जिन्यात फोनवर बोलले की तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना कळतं, त्यांच्या मेहुण्याची पाठ आज कशी आहे. आमच्याकडे आले की तळहाताने दार बडवायचे. मांडणीवरच्या ताटल्या थरथरायच्या. मी त्यांना तोंडावर भाऊजी म्हणते. पण मनात भोंगाच.

त्या दिवशी ते उंबऱ्यात उभे राहून चक्क हळू बोलले. “वहिनी, कोरे कागद आहेत का? आणि तुमचं अक्षर पाहिजे.”

आतून ह्यांनी विचारलं, “कोण आलंय?” एरवी हा प्रश्न कधी विचारावा लागला नव्हता.

भोंगा गेली एकतीस वर्षं चुनखडीच्या खाणीवर ट्रक चालवतात. खाण डोंगराच्या माथ्यावर, सिमेंटचा कारखाना पायथ्याशी. मध्ये बावीस किलोमीटरचा वळणावळणाचा घाट. भरलेला ट्रक खाली न्यायचा, रिकामा वर आणायचा, दिवसातून चार खेपा. एवढ्या वर्षांत इंजिनाच्या घरघरीने उजवा कान मंद झाला आणि आवाज चढत गेला. पण त्या घरघरीवरच त्यांचं सगळं चालायचं. कुठला गिअर टाकायचा, इंजिन दमलंय का, हे ते काट्याकडे न बघता ओळखायचे. खाणीवरचे नवे ड्रायव्हर गाडीत बिघाड झाला की आधी त्यांना बोलावतात, मेकॅनिकला नंतर.

आणि त्यांचा एक नेम होता. टाकी काठोकाठ भरल्याशिवाय सकाळची पहिली खेप निघायची नाही. कामाला लागल्याच्या पहिल्याच वर्षी घाटात डिझेल संपून ते अख्खा दिवस वाट अडवून बसले होते. येणारा-जाणारा प्रत्येक जण काच खाली करून काहीतरी बोलून गेला होता. तेव्हापासून हा नेम.

महिन्याभरापूर्वी खाणीच्या मालकांनी एक विजेवरचा मोठा ट्रक महिनाभर वापरून बघायला आणला. जुना माणूस म्हणून तो भोंगांच्या हाती दिला, पण सगळ्यांसमोर बजावलं, की ह्या गाडीवर ज्याच्या हातून चूक होईल तो त्याच दिवशी जुन्या गाडीवर परत जाईल. पहिल्याच खेपेला, चौथ्या वळणावर, चाकांतून धूर निघाला. मागच्या ड्रायव्हरने फोटो काढला आणि दुपारपर्यंत तो सगळ्यांच्या फोनवर पोचला. आमच्याही. “मिक्सर तापला,” असं त्याखाली लिहिलं होतं; विजेवर चालते म्हणून ह्या गाडीला सगळे स्वयंपाकघरातला मिक्सर म्हणत. पुढचे तीन आठवडे गाडी सुरळीत धावली, पण तो धूर कोणी विसरेना. मालकांनी ठरवून टाकलं, विजेचा ट्रक घाटात चालायचा नाही, शनिवारी परत पाठवायचा. त्याआधी ड्रायव्हरने आपलं म्हणणं लेखी द्यायचं होतं.

आज गुरुवार होता.

भोंगा खुर्चीच्या कडेवर बसले. चहा पुढे ठेवला तरी कपाला हात लावला नाही.

“लिहा,” ते म्हणाले, “धूर निघाला त्यात गाडीचा दोष नव्हता. माझा होता.”

आमचे हे मोजा हातात धरून दारातच थांबले.

भोंगांनी मग टेबलावर बोटाने घाट काढून समजावलं. ह्या गाडीला उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर उलटी राबते. चाकं तिला फिरवतात, ती वीज बनवते आणि ते करताना गाडीला मागे खेचून धरते. ब्रेकवर जेमतेम पाय ठेवावा लागतो. पण ती वीज बॅटरीत जायला जागा पाहिजे. बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल, तर मोटर वीज घेणार कुठे? मग ती गाडीला धरतच नाही. सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

“म्हणजे भरलेल्या बादलीवर नळ सोडल्यासारखं,” मी म्हटलं.

“तसंच. गाडी द्यायला आलेल्या इंजिनिअर मुलीने मला सांगितलं होतं, काका, वर खाणीवर चार्जिंग ऐंशीच्या पुढे नेऊ नका. मी मान डोलावली. मनात म्हटलं, हिने गाडी कागदावर चालवली असेल. टाकी अर्धवट ठेवून सकाळी निघणारा ड्रायव्हर मी तरी बघितलेला नाही. ती गेल्यावर यंत्रावरचा आकडा बदलला आणि केली शंभर.”

“मग कळलं कधी?”

“दुसऱ्याच दिवशी. वरची वीज गेली, चार्जिंग सत्तरावरच थांबलं. मी चरफडत निघालो. आणि गाडी उतरली कशी म्हणता? मागून कोणी दोर धरल्यासारखी. तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्या दिवसापासून सत्तरच्या वर नेली नाही. पण बोललो नाही कोणाला.”

ह्यांनी विचारलं, “आता सांगितलं तर तुम्ही जुन्या गाडीवर जाल?”

“जाईन.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“गाडी परत जाईल. म्हणजे मी तसाही जुन्याच गाडीवर.” ते जरा हसले. “माझं गणित कच्चं आहे, पण एवढं जमतं.”

मी म्हटलं, “भाऊजी, मी ती गाडी बघितलेलीसुद्धा नाही. न बघता काय लिहू?”

“मुकादमाला विचारून ठेवलंय. शेजारच्या सीटवर विम्याचा माणूस बसून गेला, टायरवाला बसून गेला. तुम्ही का नाही?”

घरातलं आवरून दहाच्या सुमाराला मी पिवळं जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट घालून त्या ट्रकच्या तीन पायऱ्या चढले. मागे अठ्ठावीस टन दगड भरला होता. गाडी आणि दगड मिळून पंचेचाळीस टन, म्हणाले. त्यांनी एक बटण दाबलं. मी इंजिन धडधडायची वाट बघत राहिले.

“सुरू कधी होणार?”

“मघाशीच झाली.”

आणि पंचेचाळीस टनांचं ते घर हललं. आमच्या फ्रिजएवढासुद्धा आवाज न करता. टायरखाली खडे चुरडल्याचा आवाज तेवढा यायचा. समोरच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा चौसष्ट होता.

पहिल्या वळणाच्या आधी त्यांनी पाय उचलला. गाडी आपल्या मनानेच आखडती झाली, जिना उतरताना म्हातारं माणूस कठडा धरून पाऊल टाकतं तशी. पडद्यावर पासष्ट. दुसरं वळण, सहासष्ट. मी समोरच्या फळीवर हात ठेवला होता. फळी जराही थरथरत नव्हती. मागे दगड एकमेकांवर सरकून बसत होते, ते मला ऐकू आलं. एक पक्षी ओरडला, तोही ऐकू आला. दोन्ही वेळा भोंगांनी माझ्याकडे वळून बघितलं, ऐकलंत ना, अशा नजरेने.

समोरून एक डिझेलचा ट्रक काळा धूर सोडत चढत आला. त्याच्या ड्रायव्हरने हाताने मिक्सर फिरवल्याची खूण केली. भोंगांनी त्याला वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाले, “ह्याला येत्या सोमवारी ब्रेकचे पट्टे बदलायचेत. मला महिन्याभरात बघायलासुद्धा लागले नाहीत. म्हणजे पहिला दिवस सोडून.”

पाचव्या वळणाशी त्यांनी गाडी कडेला घेतली, अगदी थांबवली, आणि काच खाली केली.

“ऐका.”

मी कान दिला. खाली दरीत कुठेतरी पाणी वाहत होतं. दिसत नव्हतं, पण खळखळ स्पष्ट होती.

“एकतीस वर्षं ह्या वळणावरून गेलो,” ते म्हणाले. “रोज आठ वेळा. इथे पाणी आहे हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, रेडिएटर गळतोय. मग आठवलं, ह्या गाडीला इंजिनच नाही. खाली उतरून बघितलं, तर झरा. वहिनी, मला वाटत होतं माझा कान गेला. कान आहे. त्याला ऐकायला काही मिळत नव्हतं.”

मी माझ्या बाजूचीही काच खाली केली.

कारखान्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा आकडा एकोणऐंशी होता. निघताना चौसष्ट. माल खाली आणला आणि शिवाय पंधरा टक्के कमावून आलो होतो. रिकामी गाडी वर चढायला सतरा लागतात, असं ते म्हणाले. म्हणजे एका खेपेला दोनच टक्के पदरचे जातात. मी मान वर करून त्या डोंगराकडे बघितलं. त्याचाच दगड, स्वतःच्या वजनाने खाली येता येता, ह्या गाडीला परत वर चढायचं बळ देत होता. कॉलेजात ऊर्जेवर मी पानंच्या पानं लिहिली होती. ती ऊर्जा अशी डोळ्यांसमोर डोंगर उतरताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

संध्याकाळी कागद घेऊन बसलो. ह्यांना अजून शंका होत्याच. “पण सगळीकडे काही अशी गाडी चालायची नाही.”

“नाहीच चालणार,” भोंगा लगेच म्हणाले. “माझा मेहुणा दोन-दोन दिवसांच्या वाटेला जातो. त्याला ही देऊ नका. बॅटरीचंच वजन दोन-तीन टन, तेवढा माल कमी बसतो. वाटेत चार्जिंग मिळेलच असं नाही, मिळालं तरी तास-दीड तास उभं राहायचं. त्याला हायब्रीड बरी. डिझेलवर पळेल, उतारावर थोडं साठवेल, चढाला ते वापरेल. सपाट रस्त्यावर तिचाही फार उपयोग नाही. पण भरून खाली आणि रिकामं वर, हे काम ह्या गाडीसाठीच केल्यासारखं आहे. हेसुद्धा लिहा.”

मी लिहिलं. शंभर टक्के चार्ज केल्याचं लिहिलं, तारखेसकट. खाणीवरच्या यंत्राला ऐंशीच्या पुढे जाताच येऊ नये अशी सोय करावी, हे लिहिलं, कारण प्रत्येक जुना ड्रायव्हर टाकी भरूनच निघणार, आणि त्याला ते चुकीचं वाटणारही नाही.

एवढ्यात त्यांची बायको खाली आली. दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “इथे आहेत होय? महिनाभर घरात कुजबुजतायत. टीव्हीचा आवाज कमी केला, मी म्हटलं आता हा माणूस आजारी तरी आहे, नाहीतर काहीतरी लपवतोय.”

“लपवत होतो,” भोंगा म्हणाले. “आता लिहून दिलं.”

तिने कागद उचलून वाचला, सावकाश, बोट फिरवत. मग खाली ठेवला. “सीट जाणार तुमची.”

“जाईल.”

“परत ओरडायला लागाल.”

ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि सकाळपासून उरलेल्या बिस्किटांचा पुडा त्यांच्यापुढे सरकवला.

मी शेवटची ओळ मोकळी ठेवली होती. विचारलं, “शेवटी काही मागायचंय का? अर्जात मागतात.”

ते दोन बोटं टेबलावर टेकवून, सकाळी दार वाजवलं होतं तितक्याच हलकेपणाने, म्हणाले, “एकच लिहा. ही गाडी दुसऱ्या कोणाला दिली, तर पहिले आठ दिवस मला शेजारच्या सीटवर बसू द्यावं. मी बोलणार नाही.”