सिताराताईंचा झाडू
कसबा पेठेतल्या सिताराताईंच्या झेरॉक्सच्या दुकानात पाटी आहे: ‘प्रिंटचे बटण एकदाच दाबावे. मशीन बहिरे नाही.’ सोळा वर्षं लोक ती पाटी वाचतात आणि सोळा वर्षं बटण सात-सात वेळा दाबतात. मग कामांची रांग तुंबते, मशीन मुकं होतं आणि ताई ओढणी कमरेला बांधून ‘झाडू मारायला’ बसतात. झाडू म्हणजे काय, तर कॉम्प्युटरमधली छपाईची सर्व्हिस, म्हणजे मशीनला कामं पाठवणारा प्रोग्रॅम, बंद करायची, तुंबलेल्या कामांचं फोल्डर साफ पुसायचं, सर्व्हिस पुन्हा सुरू करायची. मशीनला चापट मारून काही होत नाही, हे त्यांनी अख्ख्या पेठेला सांगून पाहिलं. पेठ अजून चापटच मारते.

त्यांचा दुसरा नियम पाटीवर नव्हता, हाडीमाशी भिनलेला होता. गिऱ्हाइकाचा कागद गिऱ्हाइकाबरोबर गेला पाहिजे. कुणाचं आधार कार्ड असतं, कुणाचा घटस्फोटाचा अर्ज. प्रिंट सोडली की फाईल कायमची पुसायची. यात त्यांचा हात डोळ्यांच्याही आधी चालायचा आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

तात्याराव त्यांचे रोजचे गिऱ्हाईक. येरवड्याहून बसने यायचे. चाळीस वर्षं कारखान्यात लेथ चालवलेला माणूस, आता सत्तरीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. आपल्या वस्तीतल्या पहिल्या बालवाडीवर त्यांनी प्रकल्प लिहिला होता आणि दोन आठवडे याच दुकानात बसून एका बोटाने टाइप केला होता. आज पाच वाजता प्रकल्प जमा करायची कॉलेजची खिडकी बंद होणार होती.

पावणेचारला ते जवळजवळ ओरडलेच, “ताई, झालं! शेवटचं वाक्य झालं!”

“वा काका! आत्ता देते.”

ताईंनी प्रिंट सोडली आणि सवयीने फाईल पुसली. मशीन ढिम्म. पाहतात तर रांगेत पुढे गल्लीतल्या रोहनचं गणेश मंडळाचं पोस्टर, सात वेळा दाबलेलं, आणि रोहन चहाला पसार! “बहिरं मशीन नाही, हा आहे,” असं पुटपुटत त्यांनी सर्व्हिस बंद केली, फोल्डर उघडलं, सगळं निवडलं, बोट डिलीटवर नेलं.

आणि एकदम आठवलं. तात्यारावांची मूळ फाईल तर पुसलीय. आता ती एकेचाळीस पानं जगात फक्त या तुंबलेल्या ढिगात आहेत!

त्यांनी बोट उचललं. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. “काका, चूक माझी. तुमची फाईल मी पुसलीय. पण अजून सगळं गेलं नाहीये.”

तात्याराव स्टुलावर बसले. म्हणाले, “ताई, आता परत एका बोटाने नाही हो होणार.”

ताईंच्या अंगात वारं शिरलं. ढिगात नावं नव्हती, नुसते आकडे. पण वेळ लिहिलेली होती. प्रत्येक कामाच्या दोन फायली, एकीत पानं, दुसरीत त्या कामाची माहिती. जोडी फुटली की मशीन त्या कामाला ओळख देत नाही. पावणेचारची जोडी सापडली! ती त्यांनी बाजूला नेऊन ठेवली, पुन्हा पुन्हा पाहून खात्री केली, मग बाकी ढिगावर झाडू फिरवला. ती जोडी तेवढी परत फोल्डरात ठेवली. असं त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. सर्व्हिस सुरू केली.

रांगेत एकच काम दिसलं. मशीन घरघरलं आणि पहिलं पान बाहेर आलं, कोमट, सरळ, वर तात्यारावांचं नाव!

“आलं! आलं!” दोघंही लहान मुलांसारखी ओरडत होती. तात्याराव पानं मोठ्याने मोजत होते. एकेचाळिसावं हातात येताच ताईंनी घाईघाईने बाइंडिंग केलं, रस्त्यात उभं राहून रिक्षा अडवली आणि त्यांना आत बसवलं.

पाचला पाच कमी असताना फोन आला. “ताई, घेतला! शिक्का बसला!” ताईंनी फोन ठेवला. त्या काउंटरमागे बसून मनसोक्त रडल्या.

दुसऱ्या दिवशी तात्याराव पेढे घेऊन आले, तर जुन्या पाटीखाली नवी पाटी होती: ‘आधी कागद हातात, मग फाईल पुसावी. हा नियम दुकानदारासाठी आहे.’