यंत्रराक्षसाच्या पोटातला माणूस

नंदू देवपुजारी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला, चिप डिझाइनच्या नोकरीत मुरला होता. घटस्फोटानंतर विनीता लेकीला घेऊन न्यू जर्सीला गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. सिया लहान असताना बापलेक सोफ्यावर बसून एक जुना जपानी सिनेमा पुन्हा पुन्हा बघायचे. समुद्रातून आलेला अजस्र राक्षस, आणि त्याला मारायला माणसांनी बनवलेला, हुबेहूब त्याच्यासारखा लोखंडी राक्षस. सिया खऱ्या राक्षसाच्या बाजूची. नंदूच्या वाट्याला आपोआप यंत्र यायचं, आणि दर वेळी हरायचं.

त्या दोन राक्षसांच्या अवजड पोशाखांत शिरून काम केलेले नट, आता म्हातारे झालेले, जवळच सॅन होजेच्या मेळाव्यात चाहत्यांना भेटणार असं कळलं, तेव्हा त्याने सियाला फोन केला. ती आता कॉलेजात होती.

"बाबा, आय हॅव फायनल्स. यू गो, ना."

तो एकटाच गेला.

राक्षस झालेल्या नटासमोरची रांग दारापर्यंत पोचली होती. शेजारच्या टेबलाशी यंत्र झालेले ताकेदासान मांडीवर हात ठेवून बसले होते. समोर चिटपाखरू नव्हतं. नंदू रांगेत थोडा पुढे सरकला, पण त्याला ते बघवेना. रांग सोडून तो तिकडे गेला.

"आतून काय दिसायचं?" त्याने विचारलं.

दुभाषी मुलीने प्रश्न जपानीत सांगितला. म्हातारा हसला.

"काहीच नाही. दिग्दर्शक ओरडायचा, 'पड!' की मी पडायचो."

"लागायचं?"

"खूप. पण लोखंडाने कण्हायचं कसं?"

"तुम्ही पडलात की माझी मुलगी टाळ्या वाजवायची," नंदू बोलून गेला आणि ओशाळला.

ताकेदासानांचा चेहरा मात्र खुलला. "म्हणजे मी नीट पडत होतो! कुठे आहे ती?"

"लांब."

म्हाताऱ्याने शेजारची खुर्ची ओढली. "बसा. इथे कुठे गर्दी आहे?"

नंदू बसला. दोघं बराच वेळ पलीकडची रांग बघत राहिले. मधे एक बाई आली, बाथरूम कुठे आहे विचारून गेली.

पार्किंगमध्ये येऊन त्याने सियाला फोन लावला. व्हॉइसमेल लागला. तो सगळं सांगत सुटला. मेळावा, रांग, ताकेदासानांचे सुरकुतलेले हात. निरोपाची वेळ संपून बीप वाजला, फोन कट झाला, तेव्हा मुख्य गोष्ट, तिच्या टाळ्यांचं ऐकून म्हातारा किती खुलला ते, सांगायची राहिलीच होती. पुन्हा फोन लावायला तो धजेना.