बापावर गेलेला

मूल कोणावर गेलं हे आमच्याकडे पाचवीच्या पूजेलाच ठरून जातं. शेजारणी येतात, बाळाचं टोपडं मागे सारून नाक, कपाळ, कानाची पाळी पाहतात आणि निकाल देऊन मोकळ्या होतात. माझा निकाल लागला तो असा: हुबेहूब बाप. काही वर्षांनी बहीण झाली, ती आईवर गेली. वडील नागपूरच्या गिरणीत लागले त्याआधी आमचं घराणं गावाकडे बैल पाळणारं. वळूची ठेवण पाहून गोऱ्ह्याची पारख करणारी ही माणसं. तोंडावळा जिकडचा, तिकडचाच राग, तिकडचीच चाल आणि दुखणंही तिकडचंच, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. तेव्हा मलाही नव्हती.

वडील गेले तेव्हा मी कॉलेजात नुकताच जाऊ लागलो होतो. एकोणीसशे साठ-सत्तरच्या मधली गोष्ट. त्याआधी बरेच महिने त्यांचं डोकं दुखायचं, लघवी लाल व्हायची, आणि ते सगळं उष्णतेवर ढकलायचे. नागपुरात कुठलंही दुखणं उष्णतेवर ढकलता येतं. दवाखान्यात भरती केलं तोवर अंगावर सूज आली होती. वॉर्डातले मोठे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी माझा हात धरून वडिलांच्या बरगडीखाली ठेवला. कातडीखाली काहीतरी टणक, गाठीगाठींचं लागलं.

"दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याचे फोड आहेत," ते म्हणाले. "ते वाढतच जातात. आणि हे रक्तातून पुढच्या पिढीत येतं."

वडील गेल्यावर त्याच डॉक्टरांनी आईला आणि आम्हा दोघा भावंडांना मुद्दाम बोलावून घेतलं. सरकारी दवाखान्यात इतक्या गर्दीत कोण कोणासाठी एवढं करतो? त्यांनी केलं. खिशातलं नाणं काढून टेबलावर उडवलं आणि म्हणाले, "प्रत्येक मुलासाठी हे नाणं वेगळं उडतं, बाई. एकाला झालं म्हणून दुसरा सुटत नाही, आणि एक सुटला म्हणून दुसरा सापडतो असंही नाही. आज कदाचित काहीच दिसणार नाही. पण दरवर्षी दोघांची लघवी तपासा, रक्तदाब मोजा. दाब वेळेवर सापडला तर गोळ्या देऊन बरीच वर्षं लांबवता येतं."

आईने तोंडाला पदर लावून सगळं ऐकलं. बाहेर येऊन तिने आम्हाला रिक्षात बसवलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "तुले लय जपा लागन गा आता." बहिणीला तिने कुशीत ओढलं. "हे तं माह्यावरच गेली. बरं झालं."

नाणं टेबलावरच राहिलं. आम्ही घरी आलो ते चेहरे घेऊन.

तेव्हापासून मी घरातला होऊ घातलेला रोगी झालो. पितृपक्षात वडिलांची तिथी झाली की दुसऱ्या दिवशी माझी तपासणी, हे आईने ठरवूनच टाकलं. गल्लीतल्या डॉक्टरांचा कंपाउंडर काचेच्या नळीत माझी लघवी घ्यायचा आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा. गढूळ झाली तर वाईट. पोळी फुगते की नाही हे बघावं तशी आई त्या नळीकडे बघत उभी राहायची. नळी स्वच्छ राहिली तरी तिला आनंद व्हायचा नाही. "या साली नाही," एवढंच म्हणायची, म्हणजे पुढच्या साली नक्की. माझी भाजी वेगळी निघायची, अळणी. शेजारी बसून बहीण गोळाभातावर फोडणीचं तेल ओतून घ्यायची आणि मला चिडवायची, "दादा, तुह्या वाटचं मीठ बी मलेच दे."

मी चिडका आहे, हेही वडिलांवर गेलेलं म्हणतात. मी दरवर्षी भांडायचो. डॉक्टरांनी दोघांचं सांगितलं होतं, हिचंही बघा. आई उसळायची. "पोरीची तपासनी केली हे लोकायले कळलं तं तिले पाहाले कोन येईन?" आणि बहीण? ती हसायची. "मले काहून नेतं? माहं तोंड पाय ना एकदा." भीती सगळी माझ्या वाट्याला गेल्यामुळे तिच्याकडे भीती उरलीच नव्हती. मी ताटावरून उठायचो, दोन दिवस अबोला धरायचो, उपयोग शून्य. माझ्या स्वतःच्या लग्नाची बोलणी तर मीच मोडली. पाहायला गेल्यावर मुलीच्या बापाला सगळं सांगून टाकायचो, की पुन्हा निरोप यायचा नाही. सरकारी कचेरीत नोकरी लागली, बढतीवर बाहेरगावी जायला नकार दिला. मरणाऱ्या माणसाने मुक्काम कशाला हलवायचा, असा माझा हिशेब होता.

बहिणीचं लग्न कळमेश्वरला झालं. आधी मुलगी झाली, मग मुलगा. मुलाच्या वेळी तिचे पाय सुजले, रक्तदाब चढला. तिथल्या नर्सबाईने नीट विचारलं होतं, माहेरी कुणाला असं काही आहे का म्हणून. बहिणीने उत्तर दिलं, "बाप गेला त्यानं. आता भावाले होनार हाय." नर्सबाईने माझ्याबद्दल हळहळ व्यक्त केली. ही हकीकत बहिणीनेच मला राखीच्या दिवशी हसत हसत सांगितली. मी तिथल्या तिथे म्हणालो, उद्याच चल दवाखान्यात. म्हणाली, "बाळंतपनाची सूज गा, सगळ्यायलेच येते."

एकोणीसशे ऐंशी उलटून गेल्यावर बहिणीला डोळ्यांपुढे अंधुक दिसायला लागलं, अन्न टिकेना. जावईबापू तिला नागपूरला घेऊन आले. दवाखाना तोच, डॉक्टर दुसरे. त्यांनी पोट तपासताना उजव्या बरगडीखाली हात नेला आणि तो तिथेच थांबला. मग डावीकडे नेला. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

मी म्हणालो, माझं मूत्रपिंड घ्या. त्यासाठी माझी तपासणी झाली. शहरात नुकतंच सोनोग्राफीचं यंत्र आलं होतं. डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, "अगदी निर्मळ आहेत दोन्ही. या वयात एकही फोड नाही, म्हणजे तुम्हाला हा आजार नाही. कधीच होणार नाही."

एखादा माणूस रडला असता किंवा पेढे वाटले असते. मला नुसता संताप आला. कुणावर, तेही कळेना. घरातली सगळी काळजी, सगळं पथ्य, सगळे नवस माझ्यावर ओतले गेले, आणि तिकडे शेजारच्या ताटावर ती मरत होती. माझं मूत्रपिंड तिला लागू पडलं असतंही, पण तिचं हृदय थकलं होतं, ऑपरेशनसाठी मुंबईपर्यंतचा प्रवाससुद्धा तिला झेपला नसता. "दाब काही वर्षं आधी धरला असता तर," एवढं बोलून डॉक्टर थांबले.

मी खाटेपाशी गेलो. तिने विचारलं, "तुले काय निंगालं गा?"

"काही नाही."

"म्हनजे तुले नाहीच?"

"नाही वं."

"बरं झालं, दादा," ती म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली. त्याच महिन्यात ती गेली.

ती जाण्याआधी डॉक्टरांनी जावईबापूंना समोर बसवून तेच सांगितलं होतं: दोन्ही मुलांना धोका आहे, दोघांचा वेगवेगळा, दोघांनाही दरवर्षी दाखवा. मी शेजारीच होतो. जावईबापू मान डोलवत होते. तेरवी आटोपल्यावर शब्द पाळून ते कळमेश्वरहून आले. सोबत एकटी मुलगी. ती आईसारखी, म्हणजे आजीसारखी दिसते.

"पोरगा कुठंय?" मी विचारलं.

"त्याले कायले आनू, भाऊ? तो तं माह्यावर गेला."

"खरंच हाय," आतून माझी आई म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "धोका आमच्या तोंडाले होता, आन आमी बापाचं तोंड पायत बसलो."

एवढं होऊन ती इतकंच शिकली होती. मी ओरडलो. नाण्याचं सांगितलं, माझ्याकडे बोट दाखवलं, मीच पुरावा आहे म्हणालो. जावईबापूंनी ऐकून घेतलं, दुःखात असलेल्या माणसाचं ऐकून घेतात तसं. मुलीची लघवी स्वच्छ निघाली. लहानपणी स्वच्छ निघण्याला अर्थ नाही, पुढेही दरवर्षी दाखवा, असं डॉक्टरांनी बजावलं. दवाखान्याबाहेर जावईबापूंनी माझ्या हातावर पेढा ठेवला. त्यानंतर मुलीलाही पुन्हा कुणी आणलं नाही.

मी अजून कळमेश्वरला जातो. जेवण होतं, पान होतं, मग मी विषय काढतो. जावईबापू रागावत नाहीत. ते मुलाला हाक मारतात, त्याची हनुवटी धरून चेहरा माझ्याकडे वळवतात आणि म्हणतात, "तुमीच सांगा भाऊ, कोनासारका दिसते?"

आणि तो खरोखर त्यांच्यासारखाच दिसतो.