नातीची बंदूक आणि वाकडा दस्ता

सन २०२३. मला एकाहत्तर पूर्ण झाली होती आणि माझ्या नातीला बंदूक घ्यायची होती.

गैरसमज करून घेऊ नका. आमच्या दिंडोशीच्या वसाहतीत तो सगळ्यांनी करून घेतलाच होता. पोलीस चौकशीला आले तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीने त्यांना चहा पाजला आणि विचारलं, बंदूक आली की गच्चीवरच्या कबुतरांचं काही होईल का. ज्या माणसाला सात वर्षांत पाण्याच्या टाकीची गळती थांबवता आली नाही, तो माझ्या नातीच्या जिवावर कबुतरं उडवायला निघाला होता.

नात बावीस वर्षांची. तिचा खेळ असा, की मशीनमधून मातीची तबकडी हवेत सुटते आणि ती खाली पडायच्या आत छर्‍यांनी फोडायची. आमच्या घरात बशी फुटली तर आठवडाभर बोलणी खावी लागतात. तिथे फुटली की टाळ्या. शिकलेल्या लोकांचे खेळ, आपण काय बोलणार.

दोन वर्षं ती क्लबातल्या उसन्या बंदुकीवर खेळत होती. आता तिचं स्वतःचं लायसन आलं होतं. त्यावर बंदूक एकच घ्यायची आणि ती घ्यायची मुदत तीन आठवड्यांवर आलेली. पुढच्या महिन्यात राज्याच्या संघाची निवड. म्हणजे जी घेऊ तिच्यावरच पोरीचं सगळं. माझा मुलगा बँकेत आहे. तो मोबाइलवर बंदुकांचे व्हिडिओ बघून बघून डोळे लाल करून बसला होता. मी त्याला म्हटलं, "तू पासबुकं बघ. बंदूक मी निवडणार."

मला त्यातलं कळतं, म्हणून म्हटलं. शाळा माझी तिसरीपर्यंत, पण अडतीस वर्षं अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत सुतारकाम केलंय. पडद्यावर दरोडेखोर ज्या बंदुका नाचवायचे, त्यातल्या कित्येक माझ्या हातच्या. आख्ख्या लाकडाच्या, वर काळा रंग. माझ्या बंदुकीने मेलेली माणसं दुपारी माझ्याच शेजारी बसून डबा खायची. शिवाय गावाला माझ्या बापाकडे ठासणीची बंदूक होती. रानडुकरांसाठी म्हणून लायसन, पण घरात यायचे ससेच. तेव्हा बंदूक कशी असते हे मला व्हिडिओ बघून शिकायची गरज नव्हती.

नातीला घरच्या सरावासाठी लाकडी बंदूकही मीच करून दिली होती. आत शिसं भरून वजन अगदी खर्‍याएवढं. रोज सकाळी ती शंभर वेळा खांद्याला लावायची. उजव्या खांद्याला.

उजव्या असं मुद्दाम लिहिलं. पोर जन्माची डावरी. तीन वर्षांची असताना मी तिला सरळ केली. जेवताना तिचा डावा हात माझ्या पंचाच्या टोकाने पाटाच्या पायाला बांधायचा. डाव्या हाताने प्रसाद घेणारी मुलगी आमच्या घरात चालणार नव्हती. सहा महिने रडली, मग वळली. ही गोष्ट मी चारचौघांत अभिमानाने सांगायचो. आमच्यात कोणी डावरं नाही, हेही सांगायचो. माझ्या स्वतःच्या डाव्या हातात हातोडी जास्त बसते, ती गोष्ट वेगळी. ती कामाची सवय.

तर आम्ही दोघं फोर्टातल्या बंदुकांच्या दुकानात गेलो. दुकानदार गोरापान, बोलायला गुळगुळीत. त्याने एका नळीवर दुसरी नळी बसवलेली बंदूक काढली.

मी म्हटलं, "दुनळीच्या नळ्या शेजारी शेजारी नांदतात. ही एकीच्या डोक्यावर दुसरी का बसलीय?"

"काका, तबकडीसाठी हीच चालते. नजरेसमोर एकच नळी येते."

"आणि ससा मारायचा झाला तर? रानात ही लांबडी घेऊन वळायचं कसं?"

नात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजोबा, शिकारीला बंदी आहे. तुमच्या लग्नाच्या आधीपासून."

"म्हणून ससे संपले काय?"

"ससे नाही संपले. आपण जेलात जाऊ."

दुकानदार दात काढून हसला. मग त्याने तसल्याच दोन बंदुका काचेवर मांडल्या. दोन्ही बारा बोअरच्या, दोन्हींचे खांद्याला टेकवायचे दस्ते अक्रोडाच्या लाकडाचे. लाकूड बघून मी दोन्हींवरून हात फिरवला, खोटं कशाला सांगू. पण दुसरीच्या मागे जाऊन एक डोळा मिटला आणि मला चोरी सापडली.

"हा दस्ता डावीकडे वाकलाय," मी म्हटलं. "ओलं लाकूड कापलंय. अडतीस वर्षं झाली मला या धंद्यात."

"काका, तो मुद्दाम तसा आहे. डावखुर्‍या माणसासाठी. एकांनी खास मागवली आणि मग त्यांना गोल्फ आवडायला लागलं."

मी दुकानदाराकडे बघत होतो. तेवढ्यात नातीने ती उचलली आणि डाव्या खांद्याला लावली. एक क्षणभर. लाकडावर गाल असा टेकला, की मला तो दस्ता तिच्या मापाने कापल्यासारखा वाटला. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

मी म्हटलं, "उजव्या खांद्याला लाव. आणि सरळ दस्त्याची बघ."

तिने ती परत काचेवर ठेवली. दुकानदार म्हणाला, रविवारी दोन्ही रेंजवर आणतो, मारून बघा, मग ठरवा.

घरी बायकोला सांगितलं. ही म्हणाली, "पोरीक विचारल्यात?"

"तिला काय विचारायचं?"

"ता पण खरा. हात तिचो बांधतानाय खय विचारल्यात."

रविवारी कर्जतच्या पलीकडच्या माळावर गेलो. तिथे टोप्या, काळे चष्मे, कानात बोळे, असे लोक लग्नाला आल्यासारखे सजून बसलेले. शिकवणारे एक निवृत्त सुभेदार होते, सातार्‍याकडचे. नातीने माझी सरळ दस्त्याची बंदूक घेतली. पंचवीस तबकड्यांतल्या अकरा फुटल्या. बाकीच्या चौदा खाली गवतात धडधाकट पडल्या. मी म्हटलं, बंदूक नवी आहे.

सुभेदार म्हणाले, "बाबा, मी हिला दोन वर्षं सांगतोय. हिचा नेम धरणारा डोळा डावा आहे. ही म्हणते, आजोबांना चालणार नाही."

तिने हे घरी कधी काढलंच नव्हतं. त्यांनी तिला दोन्ही हात पुढे करून पंजांच्या मध्ये रुपयाएवढं भोक धरायला लावलं आणि त्यातून त्यांचं नाक बघ म्हणाले. मग हात तसेच चेहर्‍याकडे आणायला लावले. भोक सरळ डाव्या डोळ्यावर जाऊन बसलं.

"याने काय होतं?" मी म्हटलं. "कोणाचंही तसंच होईल."

"मग तुम्ही करा."

केलं. सगळ्या टोपीवाल्यांसमोर केलं. तीनदा केलं, कारण पहिल्या दोन वेळा वारा होता. तिन्ही वेळा भोक माझ्या डाव्या डोळ्यावर आलं.

सुभेदार नुसते बंदुकीची नळी पुसायला लागले, म्हणून जास्त लागलं. नातही हसली नाही. मला तिसरीतले आमचे मास्तर आठवले. डाव्या हातात पाटीची पेन्सिल दिसली की ते त्याच हाताच्या बोटांवर पट्टी मारायचे, धारेकडून. एक दिवस मी पाटी तिथेच ठेवून घरी आलो आणि परत गेलो नाही. लोकांना मी सांगतो, घरची गरिबी होती. गरिबी होतीच. पण पाटी मी पट्टीमुळे ठेवली. आणि मग मोठा होऊन पट्टीच्या जागी पंचा घेतला.

"आजोबा, जाऊ दे," नात म्हणाली. "मी उजव्याने अजून सराव करते. तुमचीच घेऊ."

पोर खरंच तसं करणार होती. माझ्या हट्टाखाली निवड घालवून बसली असती आणि वर मलाच पाणी आणून दिलं असतं. मी म्हटलं, "ती दुसरी घे. खांद्याला लाव."

"कुठल्या?"

"तुला माहिताय कुठल्या."

पहिल्या पाच हुकल्या. हात नवा होता ना, एकोणीस वर्षं बांधलेला. मग फुटायला लागल्या. सतरा. काळा धूर करून फुटतात त्या, बघायला बरं वाटतं. टोपीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यात एकदोन माझ्याही असतील.

दुकानदार जवळ आला. "मग काका, दस्ता वाकडाच ना?"

"वाकडाच आहे," मी म्हटलं. "लायसनवर हिचाच नंबर चढवा."

दुसर्‍या दिवशी सकाळी मी माळ्यावरची हत्यारांची पेटी काढली. नातीच्या लाकडी बंदुकीचा दस्ता करवतीने कापून टाकला. जुन्या चौकटीचा एक तुकडा गॅलरीत जपून ठेवला होता, त्यातून नवा काढला. डावीकडे वाकलेला. हातोडी डाव्या हातात होतीच. मग रंधाही डाव्या हातात घेऊन बघितला. पहिल्यांदा अंगठ्याचं सालटं निघालं, तरी तोच हात ठेवला. ही चहा घेऊन आली, बघितलं, आणि कप माझ्या डाव्या बाजूला ठेवून आत गेली.